मायची पट्टी

बिलोली, जि. नांदेड
१२ जानेवारी २०२५

डॉ. आनंदराज यांस जय भीम.

पत्र बघून तुला नवल वाटेल. मलाही लिहिताना वाटून राहिलंय. दीड वर्ष झालं, मी तुझा फोन उचलत नाही. का उचलत नाही ते तुला माहीत नसेल तर सांगतो. लातूरला तुझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाला तू माझ्या मायच्या हातानं फीत कापून घेतलीस, टाळ्या झाल्या, आणि पाहुण्यांना माझी ओळख करून दिलीस, "हे संघपाल, गावाकडं लॅब टेक्निशियन असतात." एका ताटात जेवून वाढलो आपण, पण चुलत का असेना, भाऊ हा शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही. शिवाय फोनवर तू बोलत जातोस आणि मी हं हं करत राहतो. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून पत्र.

कारण तसं आनंदाचं आहे. आपल्या सुजाता लॅबमध्ये ईसीजीची मशीन आणली. रक्त, लघवी, साखर यापलीकडं बिलोलीत माझं नाव नव्हतं, आता आहे. पहिली पट्टी मायचीच काढली. महिनाभर ती म्हणत होती की विहाराकडची चढण चढताना डावा खांदा आणि जबडा दुखतो, जरा थांबलं की राहतो. दात असेल म्हणून दातवाल्याकडं नेलं. त्यानं दात चांगले आहेत म्हणून परत पाठवलं. मग मी तिला मशीनवर घेतलं. पट्टीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. बघ, कुठं एक रेघ वाकडी आहे का. मशीननंच खाली "नॉर्मल" छापलंय. मी तिला सांगितलं, माय, तुझं काळीज ठणठणीत आहे, वय झालंय म्हणून दम लागतो.

पलंगावर पडल्या पडल्या ती म्हणाली, "आनंदनं कधी काढली न्हाई माझी असली पट्टी." हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत.

आमच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी तुझा डिग्री घेतानाचा फोटो आहे. माझं डीएमएलटीचं सर्टिफिकेट कपाटात आहे. आता तिथं मायची पट्टी लावावी म्हणतो.

संघपाल


लातूर
२० जानेवारी २०२५

प्रिय संघादादा,
सप्रेम जय भीम.

त्या दिवशीच्या ओळखीबद्दल तू मनात एवढं धरून बसशील असं वाटलं नव्हतं. गर्दी होती, घाई होती, तोंडातून निघून गेलं. चुकलं म्हण.

पट्टी पाहिली. सुरेख काढली आहेस. माझ्याकडची मुलंही इतकी स्वच्छ काढत नाहीत. पण दादा, तिच्यावरून तू मोठीआईला जे सांगितलंस ते बरोबर नाही. ती पट्टी दहा सेकंदांची आहे आणि ती दहा सेकंदं मोठीआई निवांत पडून होती. हृदयाला रक्त कमी पडतं ते काम वाढल्यावर. रक्तवाहिन्या निम्म्याहून जास्त बुजलेल्या असल्या तरी आडव्या पडलेल्या माणसाची पट्टी सरळ येऊ शकते. असे पेशंट मी दर आठवड्याला बघतो. जे चढणीवर होतं ते पलंगावर कसं दिसणार? चढलं की दुखतं आणि थांबलं की राहतं, हे तिचं बोलणं मला त्या पट्टीपेक्षा मोठं वाटतं.

आणि ती कोण आहे तेही बघ. अडुसष्ट वर्षांची. बीपीची गोळी आठवली तर घेते. साखर काठावर. चाळीस वर्षं मिश्री लावते. तिचा सख्खा भाऊ ग्यानोबामामा बावन्नाव्या वर्षी बसल्या जागी गेला. एवढं सगळं असलेल्या माणसाला सरळ पट्टी बघून घरी पाठवायचं नसतं.

याच्या उलटंही होतं. तुझंच आठव. भरतीच्या मेडिकलला तुझ्या पट्टीत टी-वेव्ह उलटी दिसली म्हणून तुला नापास केलं. पुढं इको केला तर हृदय अगदी चांगलं निघालं. वाकडी पट्टी म्हणजे आजार नाही आणि सरळ पट्टी म्हणजे तब्येत नाही. हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

तिला या आठवड्यात लातूरला घेऊन ये. रक्त तपासू, इको करू, लागलं तर पुढच्याही तपासण्या करू. तोवर चढण बंद. तिला फोनवर ऐकू येत नाही आणि तिचा मोबाइल तुझ्याच काउंटरवर असतो, म्हणून तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी घातली आहे. ती वाचून दाखव.

तुझा
आनंद

[सोबतची चिठ्ठी]
मोठीआई, दादानं पट्टी चांगली काढली. पण चढताना दुखतं ते मला बरं वाटत नाही. दादाला घेऊन लगेच लातूरला ये. चार दिवस राहा, सगळं तपासून घेऊ. हट्ट करू नको. मी वाट बघतो. तुझा आनंद.


बिलोली
२ फेब्रुवारी २०२५

डॉक्टरसाहेबांस जय भीम.

चिठ्ठी मायला वाचून दाखवली. ती यायचं नाही म्हणते. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो : "माझ्या लेकानं काढलंय ना? मग लातूर कशाला?" मी आग्रह केला, पण तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

एक सांगू का? पट्टीत काही वाकडं असतं तर तू म्हणाला असतास, दादाला पट्टी काढता येत नाही. पट्टी सरळ आली तर म्हणतोस, सरळ पट्टीला अर्थ नाही. म्हणजे मी काहीही केलं तरी खरं काय ते लातूरलाच कळणार. मायच्या खांद्याला हात लावायचा तर तोही तूच लावणार.

आणि माझ्या मेडिकलचं उदाहरण तू द्यायला नको होतंस. त्या वर्षी तुझं एमबीबीएसला नाव लागलं. गावात पेढे वाटले ते मी वाटले, माझ्या नापास झाल्याचा कागद खिशात ठेवून. तेव्हा कुणी म्हटलं नाही की पट्टी दहाच सेकंदांची असते. माझं आयुष्य त्या पट्टीवर ठरलं. आता माझ्या हातात मशीन आली, तर तू म्हणतोस पट्टीचं एवढं मनावर घेऊ नको.

माय मजेत आहे. मागच्या आठवड्यात बाजारातून चालत आली. वाटेत दोनदा टेकली, पण आली.

संघपाल


लातूर
११ फेब्रुवारी २०२५

संघपालदादास जय भीम.

पत्र मिळालं. मोठीआईनं "माझ्या लेकानं" म्हटल्यावर माझं काय चालणार? ती तुझी आई आहे. मी चुलत्याचा मुलगा. माझं सांगून झालं, पुन्हा आग्रह करणार नाही.

निदान तिचं कोलेस्टेरॉल आणि साखर तुझ्याच लॅबमध्ये बघ. बीपीची गोळी चुकू देऊ नको.

आनंदराज


नांदेड
१० मार्च २०२५

आनंद,

तू काल लातूरला परत गेलास. पाच दिवस आपण दवाखान्याच्या एकाच बाकड्यावर बसलो, एकमेकांना चहा आणून दिला, आणि औषधांखेरीज काही बोललो नाही. तू समोर होतास तेव्हा जे सांगायची हिंमत झाली नाही ते इथं मायच्या कॉटजवळ बसून लिहितो. ती झोपली आहे.

आधी त्या मंगळवारचं. तुला फोनवर धड सांगता आलं नव्हतं. सकाळी साडेआठला माय अंगणात ज्वारी पाखडत होती. सूप बाजूला ठेवून भिंतीला टेकली. तुझी वहिनी ओरडली म्हणून मी बाहेर आलो, तर मायचं लुगडं घामानं ओलं झालेलं आणि हात जबड्यावर. बजरंगच्या ऑटोत घालून लॅबमध्ये आणली. जेल सगळं चादरीवर सांडलं. पट्टी बाहेर यायला लागली. पावणेदोन महिन्यांपूर्वी त्याच जागी रेघ सरळ होती. आता ती नागानं फणा काढावा तशी वर उठलेली. तेच काळीज, तीच मशीन, हातही माझेच.

दीड वर्षात पहिल्यांदा मी तुझा नंबर लावला. मला वाटलं तू म्हणशील, मी सांगितलं होतं. तू म्हणालास, "दादा, ॲस्पिरिन चघळायला दे. लातूर नको, लांब पडेल. सरळ नांदेड गाठ. मी निघालो." एवढंच. तिला माझ्याच दवाखान्यात आण, असंही म्हणाला नाहीस.

इथल्या डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद, ती त्यांनी स्टेंट घालून उघडली; डावी ऐंशी टक्के बुजलेली. मी विचारलं, हे कालपरवात झालं का? ते म्हणाले, छे, वर्षानुवर्षांचं आहे, काही त्रास होत नव्हता का? तू शेजारीच उभा होतास. तू खाली बघितलंस.

आनंद, तुझी चिठ्ठी मी मायला वाचली नाही. म्हणजे हातात धरली, तिच्यासमोर बसलो, डोळे कागदावर ठेवले आणि दुसरंच वाचलं. "मोठीआई, पट्टी एकदम छान आली आहे. काळजी करू नको. मी लई कामात आहे, लातूरला यायची घाई करू नको." असं वाचलं. तुझ्या नावानं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल, म्हणेल, बघा, डॉक्टर झाला आणि विसरला. एकदा तरी ती तुझ्यावर रुसलेली मला बघायची होती.

ती रुसली नाही. म्हणाली, "कामात असंल लेकरू. जेवायला तरी येळ मिळतो का न्हाई त्याला?" आणि चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन मिश्रीच्या चंचीत ठेवून दिली. त्या क्षणी मला तुझा एवढा राग आला की खरं सांगायची वेळ निघून गेली. "माझ्या लेकानं काढलंय ना" हे ती कधी म्हणालीच नाही. ते मी रचलं. ती म्हणावी असं मला फार वाटत होतं.

कोलेस्टेरॉल बघ म्हणालास तेही बघितलं नाही. तू सांगितलंस म्हणून.

डॉक्टर म्हणतात जीव वाचला, पण काळजाची ताकद चाळीस टक्क्यांवर आली आहे. जी गेली ती मी घालवली.

संघपाल


लातूर
१७ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र आल्यावर पहिल्या दिवशी जे लिहिलं ते फाडून टाकलं. दुसऱ्या दिवशीचंही. त्यात जे होतं ते तुला कळलं असेलच. तू माझ्या नावानं तिला खोटं वाचलंस, हे मी एवढ्यात विसरणार नाही. मला ते जमणार नाही.

पण आज तिसऱ्यांदा बसलो आणि माझीही एक गोष्ट लिहितो. बिलोलीहून अनोळखी कुणी आलं असतं आणि म्हणालं असतं, आमच्या आईचा चढताना जबडा दुखतो, ती यायला तयार नाही, तर मी काय केलं असतं? गाडी पाठवली असती. दहा फोन केले असते. रविवारी स्वतः गेलो असतो, तीन-चार तासांचा तर रस्ता आहे. मोठीआईसाठी मी यातलं काही केलं नाही. अकरा फेब्रुवारीला चार ओळी खरडल्या आणि माझं काम झालं म्हणून पाकीट बंद केलं. तुझं पत्र खोटं असेल अशी शंकासुद्धा आली नाही. "माझ्या लेकानं" हे शब्द वाचले आणि मी डॉक्टर उरलोच नाही.

माझी आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मोठीआईनं मला वाढवलं, सगळं दिलं. पण तुला ती रागवायची. तू शाळा बुडवलीस की सरपणाचं लाकूड घेऊन मारुतीच्या पारापर्यंत तुझ्या मागं पळायची. मला कधी "मेल्या" सुद्धा म्हणाली नाही. भाकरी आधी माझ्या ताटात पडायची, पाहुण्याच्या पडते तशी. तू मार खाऊन रडत तिच्याच कुशीत झोपायचास आणि मी अंथरुणावर जागा राहून बघायचो. फोटो भिंतीवर माझा आहे, खरं आहे. भिंतीवर पाहुण्यांचेच फोटो लावतात.

उद्घाटनाच्या दिवशी कात्री हातात घेऊन ती मला म्हणाली, "थांब, माझा संघ्या कुठं हाय? त्यो आल्याबिगर कापत न्हाई." शंभर माणसांसमोर. पाच मिनिटं सगळे तुझ्यासाठी थांबले. म्हणून मी तुला टेक्निशियन म्हणालो. घाईत निघून गेलं नव्हतं.

चिठ्ठीचं तिला सांग. मी सांगणार नाही. तूच सांग.

आनंद


बिलोली
३ एप्रिल २०२५

आनंद,

सांगितलं.

मागच्या शनिवारी ती अंगणात खुर्चीवर बसली होती. मी खाली बसून म्हणालो, माय, आनंदनं तुला लातूरला बोलावलं होतं, मी चिठ्ठी खोटी वाचली. तिला ऐकू आलं नाही. "काय?" म्हणाली. तेच मला ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या अण्णारावच्या घरातल्या बाया भांडी घासायच्या थांबल्या.

ती उठून आत गेली. दोन दिवस गोळ्या तुझ्या वहिनीच्या हातून घेतल्या, माझ्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. मी लॅब उघडली आणि दुपारीच बंद करून आलो. एक बाई आली होती, धाप लागते म्हणून. पट्टी सरळ आली. मी तिच्या नवऱ्याला अर्धा तास बसवून घेतलं आणि नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं पाठवलं. तो म्हणाला, सगळं बरोबर आहे तर कशाला? मी म्हणालो, माझ्या कागदात बरोबर आहे, तिच्यात आहे का ते मला माहीत नाही.

सोमवारी सकाळी मायनं हाक मारली. चंचीतून तुझी चिठ्ठी काढून माझ्यासमोर टाकली.

"वाच. आता खरं वाच."

मी वाचली. तिनं दोनदा वाचायला लावली.

"हट्ट करू नको म्हणला?"

"हाव."

"वाट बघतो म्हणला?"

"हाव, माय."

तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्या पायावर हात ठेवला, तिनं तो काढून टाकला. मग म्हणाली, "त्याला येवढं कळत व्हतं, तर त्यो का न्हाई आला?"

माझ्याकडं तुझं पत्र होतं. ते पूर्ण वाचलं. एक शब्द बदलला नाही. भाकरीचं वाचलं, लाकडाचं वाचलं, कात्रीचं वाचलं. मला चुकवावंसं वाटत होतं, कारण तू काय लिहिलंयस ते ऐकून तिचा जीव तुझ्याकडं जास्तच ओढ घेणार हे मला दिसत होतं. तरी वाचलं.

ऐकून ती म्हणाली, "त्याच्या मायनं मरताना माझ्या ओटीत घातलं त्याला. दुसरीचं लेकरू. हात उचलला असता अन् त्याला माय आठवली असती, तर मी काय करणार व्हते?"

मला बरं वाटलं असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. मला हेवाच वाटला. माझ्या पाठीवर लाकूड पडत होतं तेव्हा तुझा एवढा विचार चालला होता. हे मनातून जाईल असं वाटत नाही. तुझंही जाणार नाही. पण निदान आता दोघांना माहीत आहे.

नांदेडच्या डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलंय. येत्या सोमवारी तिला लातूरला घेऊन येतो. सगळे रिपोर्ट आणि दोन्ही पट्ट्या सोबत आणतो. मिश्री तिनं सोडली आहे, असं ती म्हणते. चंची तपासून घे. डाव्या रक्तवाहिनीत स्टेंट कधी घालायचा ते तू आणि नांदेडचे डॉक्टर मिळून ठरवा, मी मधे पडणार नाही.

मी तिला विचारलं, माय, कपडे किती घेऊ, किती दिवस राहणार? तर म्हणाली, "चाळीस वर्सांचं रागवायचं राह्यलंय त्याला. एका दिवसात व्हतंय व्हय?"

तुझा दादा
संघपाल